गाडी डावीकडे जाते

तांडा, मालेगाव
२४ सप्टेंबर २०२४

चि. बादल,

जय सेवालाल. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई, आपली याडी, बरी आहे, म्हैस बरी आहे, सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, सोंगणीले आलं. म्हणून घाबरू नको. पत्र गाडीसाठी आहे.

तू याडीले फोनवर सांगितलं की अकोल्याचा कोणी गिऱ्हाईक दिवाळीच्या आधी गाडी पाहाले येणार. विकणं न विकणं तुझा प्रश्न. गाडी तुझी. पण नादुरुस्त गाडी आपल्या दारातून जाऊ नये, एवढं मले लागते. वाशीम डेपोत उभी हयात एस.टी.चं स्टिअरिंग धरलं, कधी बिघाड लपवून गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिली नाही. तर सांगतो. गाडी डावीकडे जाते.

तुमाले कसं माहीत, असं विचारशील. मी ती चालवतो. दर रविवारी. तू चावी खुंटीवर टांगून एस.टी.नं निघून गेला तेव्हापासून. उभी गाडी खराब होते, बॅटरी बसते, टायर एका जागी चपटतात, म्हणून. मालेगावपासून मेडशीपर्यंत जायचं अन् परत यायचं, बस. तू ती विकत आणली त्या दिवशी मी तिले सगळ्या तांड्यासमोर खेळणं म्हणलो होतो. खेळणं तर खेळणं, पण इंजिन जातिवंत आहे. वीस वर्षांची झाली तरी तिसऱ्या गिअरात पाय दाबला की पाठ सीटले चिकटते. एस.टी.त असं कधी झालं नाही. कापडी टप मागं सारून जातो तेव्हा लोक म्हणतात, सेवादास म्हातारपणी हिरो झाला. म्हणू दे.

एकच, गाडी फार ठेंगणी. पोळ्याच्या दिवशी तिच्यावरची ताडपत्री काढून उठलो तो टिनाच्या शेडच्या अँगलवर टाळू आपटली. चांगलं टेंगूळ आलं. इतकं वाकून काम करावं लागते की उठताना वर पाहायचं राहून जाते.

आता बिघाड ऐक. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरलेलं असते, अन् जरा वेळानं पाहतो तर डावं चाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. नवल असं, की हाताले ओढ लागत नाही. चाकांचं अलाइनमेंट गेलेली बस हाताले ओढते, संध्याकाळपर्यंत खांदा भरून येते. हे तसं नाही. ही गुपचूप सरकते.

तू तिकडं चेन्नईच्या कारखान्यात रोज नव्या गाड्या तपासतो. तूच सांग, अलाइनमेंट करावं का? मालेगावात मशीन नाही, वाशीमले न्यावी लागेल. पण जुन्या गाडीचे गंजलेले नट उगीच हलवू नये असंही वाटते. उत्तर याडीच्या मोबाईलवर दिलं तरी चालेल.

तुझा बा,
सेवादास


मालेगाव
६ ऑक्टोबर

चि. बादल,

तुझा निरोप आला. "आधी हवा तपासा. मग पुढचे दोन टायर आपसात बदला. गाडी उजवीकडे जाऊ लागली तर टायरचा दोष. डावीकडेच राहिली तर पुढे पाहू." याडीनं वाचून दाखवला, मग मी मोबाईलच मागून घेतला. नीट समजून घ्यावं म्हणून.

गाडी हरीओमकडं नेली. तुझ्या वर्गातला हरीओम, त्यानं बसस्टँडजवळ टायरचं दुकान टाकलं. तो तुझी चौकशी करत होता. डाव्या टायरात हवा थोडी कमी निघाली. तो म्हणे, "काका, एवढ्यानं गाडी रस्ता सोडत नसते." मग टायर बदलले. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. लगेच मेडशीच्या रस्त्यानं चक्कर मारली.

डावीकडेच जाते.

म्हणजे टायर निर्दोष. मग ब्रेक पाहिला. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला तर ते चाक तापते, गाडी तिकडं वळते. थांबून चारही चाकांजवळ हात नेला, सगळी सारखीच कोमट. मग टायरच्या नक्षीवरून हात फिरवला, आतून बाहेर अन् बाहेरून आत. अलाइनमेंट गेलं असलं तर करवतीचे दाते लागल्यासारखं लागते. डाव्या हाताले काहीच समजलं नाही, म्हणून उजव्यानं पाहिलं. गुळगुळीत. आयुष्यभर काम करून हात जाड झाले.

हरीओम म्हणे, "रस्त्याचाच उतार असन काका. पाणी जाले कडेले उतार देतातच."

मी म्हणलं, "याच रस्त्यानं बस नेली ना बाप्पा. ती काहून नाही गेली कडेले?"

तो पाना उचलून दुसऱ्या गाडीकडं वळला. तू काय म्हणतो? स्टिअरिंगच्या आतला एखादा बुश गेला असेल काय?

इकडं सोंगणी झाली, मळणी चालू आहे. धुळीनं डोकं धरून राह्यलं. कालपासून मळणीयंत्राजवळ उभंच राहिलो नाही तरी धरते. ते जाईल.

तुझ्या खोलीवर पाण्याची अडचण होती असं याडी म्हणे. मिटली का?

तुझा बा,
सेवादास


मालेगाव
१४ ऑक्टोबर

चि. बादल,

दसऱ्याचा आशीर्वाद. तू पाठवलेला फोटो पाहिला, कारखान्यातली पूजा. हार घातलेल्या मशीनजवळ उभा आहे तो तूच ना? वाळला.

स्टिअरिंगचा बुश हरीओमनं पाहिला. चाक हलवून पाहिलं, ढिलं नाही. मग मी म्हणलं, मशीन नाही तर नाही, आपली सुतळी आहे. आमच्या डेपोत जुने मेकॅनिक असंच करत. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली, अन् पुढच्या चाकाचं पुढचं टोक अन् मागचं टोक सुतळीपासून किती दूर आहे ते पट्टीनं मोजलं. हरीओम एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. त्यानं माझी बाजूही पुन्हा मोजली. फरक असला तर केसाएवढा, पट्टीवर दिसेना. सुतळी म्हणते चाकं सरळ आहेत. गाडी तर काही सरळ जात नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडीले हार घालून एक चक्कर मारली. परतताना सुंदरबाईच्या टोपलीले थोडा धक्का लागला. ती रस्त्याच्या कडेले सीताफळं घेऊन बसते. चार फळं फुटली. मी टोपलीच विकत घेतली, याडीनं तांड्यात वाटून दिली.

म्हणून आता विचार पक्का केला. ह्या हप्त्यात गाडी वाशीमले नेतो अन् मशीनवर अलाइनमेंट करून टाकतो. गिऱ्हाईक यायच्या आत झालेलं बरं. तुले काही वेगळं वाटत असलं तर लवकर कळव. नसलं काही तरी कळव.

तुझा बा,
सेवादास


(त्याच पाकिटात)

बेटा बादल,

हे पाकीट त्यायनं मह्यापाशी टपालात टाकाले देलं. मी उघडलं. वाचलं. आता माह्यं लिहून आत टाकतो. माह्या मराठीले हसू नको.

फोन केला असता, पण मोबाईल त्यायच्याच हातात राह्यते. तुझा निरोप आला का, तुझा निरोप आला का, दिवसभर तेच पाह्यतेत. तू दोन ओळी पाठोल्या त्या दिवशी पोटभर जेवले, अन् मले म्हने, पोराले समजते गाडीतलं.

टोपलीले धक्का लागला म्हनून लिहिलं त्यायनं. धक्का नाई लागला. गाडी टोपलीवरून गेली. सुंदरबाई मागं पडली म्हनून वाचली. तिची नात तिच्या जवळच बसेल होती. ती पोरगी अजून रडते म्हनतेत. सुंदरबाई आपल्या घरी आली अन् मले म्हने, "हिरीबाई, तुहा नवरा पिऊन चालवते काय?" तुले त माहीत, त्यायनं जनमात थेंब नाई घेतला. मंग ती म्हने, "मी समोर बसून होती, हात हालवला, त्यायनं मह्याकडं पाह्यलंच नाई. जसं काई मी नाईच तिथी."

बेटा, अजून सांगतो. डाव्या पायातली चप्पल आंगनात राह्यते अन् हे घरात येतात. पायात चप्पल नाई हे त्यायले समजत नाई. जेवाले बसले की ताटात डाव्या अंगाची भाजी तशीच राह्यते. म्हनतेत, भाजी नाई वाढली. मी ताट फिरवून देतो, मंग खातेत. सदऱ्याची एकच बाही घालून बाहीर निंगाले परवा.

मी बोलली, चला डॉक्टरकडं. मले म्हने, मले काय झालं, गाडीले झालं.

तू त्यायले गाडीचंच सांग, पन माणसाचं सांग. तुझं ऐकतीन. मी वाशीमले जाऊ देत नाई त्यायले, चावी पिठाच्या डब्यात घातली हाय.

तुझी याडी


मालेगाव
२० ऑक्टोबर

चि. बादल,

आज दुपारी हरीओम घरी आला. म्हणे, "काका, बादलचा फोन आला होता. गाडी मी चालवून पाहतो, तुमी बाजूले बसा." चावी कुठी सापडेना, तर याडीनं स्वयंपाकघरातून आणून दिली. चावीले पीठ लागलं होतं. मी ते सदऱ्याले पुसलं.

हरीओमनं गाडी मेडशीच्या रस्त्यावर घेतली. पुढंमागं कोणी नव्हतं. त्यानं स्टिअरिंगवरचे हात अलगद उचलले. मी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीकडं पाहत होतो. गाडी सरळ गेली. त्यानं पुन्हा तसंच केलं, वेग वाढवून. सरळ. येतानाही सरळ.

मी म्हणलं, "थांबव. आता मी घेतो."

तो म्हणे, "काका, राहू द्या."

"घेतो म्हणलं ना."

त्यानं गाडी थांबवली. मी बसलो. माझ्या हिशोबानं मी एकदम सरळ चालवून राह्यलो होतो, बादल. मले रस्ता दोन्ही बाजूंनी दिसून राह्यला होता, निदान असं वाटत होतं. तेवढ्यात हरीओमनं बाजूनं स्टिअरिंग धरलं अन् जोरानं उजवीकडं ओढलं. मी ओरडलो त्याच्यावर. मग गाडी थांबवून खाली उतरलो. डावी चाकं कच्च्या रस्त्यावर होती अन् पुढं दहा हातावर पुलाचा कठडा होता. तो कठडा मी पाहिलाच नव्हता. त्या पुलावरून मी किती हजार वेळा बस नेली असेल.

हरीओम खाली मान घालून उभा होता. मीच त्याले म्हणलं, "चाल, घरी ने."

एस.टी.त आमाले एक शिकवलं होतं. बस एका बाजूले जाते अशी तक्रार आली तर हवा पाहावी, टायर पाहावा, ब्रेक पाहावा, स्टिअरिंग पाहावं. सगळं ठीक निघालं तर ड्रायव्हर बदलून पाहावा. मी सगळं पाहिलं. तेवढं एक पाहिलं नाही.

याडी बाजूले बसली आहे. ती म्हणते, तुमी ओळी कागदाच्या मधातून सुरू करून राह्यले, डावा अर्धा कागद कोराच आहे. मले तर कागद पूर्ण भरलेला दिसते.

उद्या अकोल्याले डॉक्टरकडं जाऊ म्हणते. मी हो म्हणलो आहे. गिऱ्हाइकाले सांग, गाडीत दोष नाही.

सेवादास


मालेगाव
८ डिसेंबर

चि. बादल,

तू पोचला हे याडीच्या मोबाईलवर कळलं. गाडीनं रस्त्यात काही त्रास दिला नाही हेही कळलं. फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी मले रोज एक पान लिहायले सांगितलं आहे, डाव्या कडेपासून. म्हणून तुले लिहितो. यातलं पुष्कळ तुले माहीत आहे. पण मधले दिवस मले तुकड्यातुकड्यानं आठवतात. कुठी चुकलं तर दुरुस्त कर.

अकोल्याले डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता का?" मी म्हणलं, "नाही." याडी म्हणे, "पोळ्याले लागला होता, टिनाचा." मी तिच्याकडं पाहतच राहिलो. त्याले तर दीड महिना झाला होता, टेंगूळही बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, आतून रक्त हळूहळू साचते, थेंब थेंब, अन् मेंदूले दाबते. या वयात असं होते. उजवीकडून दाब आला म्हणून डावीकडचं जग कमी झालं. याडीनं विचारलं, "मग आता?" ते म्हणाले, कवटीले छोटं छिद्र करून साचलेलं काढू. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, जसं काही इंजिनचं ऑईल काढायचं आहे. तेव्हा मले धीर आला.

नंतरचं आठवत नाही. मग कोणी तरी म्हणालं, बोट दाबा. मी दाबलं. "डाव्या हातानं दाबा." दाबलं. "अजून जोरात." मले राग आला, इतक्या जोरात दाबलं की समोरचा माणूस "बा, बा, पुरे" म्हणे. डोळे उघडले तर तू. दाढी वाढलेली. मी म्हणे तुले पहिलं विचारलं, "रजा मंजूर झाली का?" हे मले आठवत नाही, याडी सांगते अन् हसते. खरं आहे का?

तू राहिला ते दिवस फार लवकर गेले. सुंदरबाईकडं मले तूच घेऊन गेला. मी हात जोडले. ती बाई माझ्या तोंडाकडं पाहण्याच्या आधी माझ्या दोन्ही पायांकडं पाहत होती, चपला आहेत का म्हणून. तिची नात दाराच्या आड गेली ती बाहेर आलीच नाही. ते लेकरू विसरायले वेळ लागेल. तिचा काही दोष नाही.

अन् मशीनचं लिहायचं राहिलं. मले दवाखान्यातून सोडायच्या दिवशी तू गाडी घरून आणून अकोल्यातच मशीनवर चढवली अन् कागद घेऊन आला. पुढचं डावं चाक किंचित बाहेर, नावालाच. मी खाटेवरून म्हणलं, "पाह्य! मी म्हणत होतो ना!" तू इतका हसला की नर्सबाई रागावल्या. तुझा तसा हसण्याचा आवाज मले ओळखू आला नाही आधी.

गिऱ्हाइकाले तू नाही म्हणून सांगितलं हे मले हरीओमकडून कळलं. तू सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाडी चेन्नईले घेऊन जातो म्हणला तेव्हा याडीले वाटलं मले वाईट वाटेल. वाटलं थोडं. रविवारचं काय करू, असं वाटलं. पण डॉक्टरांनी स्टिअरिंगले हात लावू नका म्हणलं आहे, अन् गाडी चालली पाहिजे.

परवा निघाला तेव्हा तू म्हणला, "बा, वाशीमपर्यंत चला, बसनं वापस या." मी बाजूच्या सीटवर बसलो. तू चांगली चालवतो. वळणावर गिअर आधी पाडतो, ब्रेकवर विसंबत नाही. मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

मालेगाव मागं पडल्यावर तू म्हणला, "डोकं दुखते, हात बधिर झाला, हे काहून नाही लिहिलं सरळ?"

मी म्हणलं, "गाडीचं चाललं होतं ना."

"गाडीचं तुमीच काढलं, बा. मी कुठी विचारलं होतं?"

ते बरोबर आहे. मी म्हणलं, "मग काय लिहिणार? इतक्या वर्षांनी बाप पत्र लिहिते, अन् त्यात लिहावं की माझं डोकं दुखते?"

तू गिअर बदलला, मग म्हणला, "लिहायचं. डोकं दुखते एवढंच लिहिलं असतं तरी आलो असतो."

मी खिडकीबाहेर पाहिलं. डावीकडं तुरीची शेतं होती, पिवळी फुलं लागलेली, अन् पार टोकापर्यंत दिसत होती. अजून थोडी, अन् अजून थोडी. असं वाटलं कोणी पडदा ओढून बाजूले केला.

वाशीमच्या अकोला नाक्यावर तू गाडी कडेले घेतली. चहा झाला. मी म्हणलं, "निघ आता, तुले हैदराबाद गाठायचं आहे." तू म्हणला, "तुमी आधी बसमध्ये बसा." मी म्हणलं, "मले काय, बसेन." असे उभे राहिलो दोघं. तू टायरले उगीच पायानं दाबून पाहत होता. मी काच पुसत होतो.

तेवढ्यात एक बस आली. तू विचारलं, "बा, आपली का?" मी म्हणलं, "नाही, ही रिसोडले जाते." बस निघून गेली. मग आपण आणखी एक चहा घेतला अन् तू मले तिथल्या कामाचं सांगितलं, नव्या गाड्या कशा खड्ड्यांवरून पळवून पाहतात ते, तुझ्या हाताखाली किती जण आहेत ते, अन् मंजू नावाच्या मुलीचं सांगितलं, जी तुझ्याच विभागात आहे. याडीले हे मी अजून सांगितलं नाही. तूच सांग.

पुढची बस आली तेव्हा मी बसलो.

बादल, पहिली बस अकोल्याचीच होती, व्हाया मालेगाव. पाटी मले चांगली स्पष्ट दिसत होती, डाव्या कडेच्या पहिल्या अक्षरापासून. पण ती पाटी तुझ्याच तोंडासमोर होती. तुले तर माझ्याहून चांगलं वाचता येते.

तुझा बा,
सेवादास